चैत्रातली खरड छाटणी, नवे खुंट आणि शिराझचा पीएच

या हंगामातली मोठी बातमी आधी सांगतो. ११०आर या खुंटावर (म्हणजे ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात त्यावर) वाढलेल्या शिराझ या रेड वाइनच्या द्राक्षाचा रस क्रशिंगच्या, म्हणजे द्राक्षं चिरडण्याच्या दिवशी ३.६ पीएचचा निघाला; पीएच जितका कमी, तितका रस आंबट. शेजारच्याच ओळीत, त्याच ठिबकवर असलेला डॉगरीज या दुसऱ्या खुंटावरचा शिराझ ३.९ ला गेला. साखर दोन्हीकडे २३ ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) आसपास. पिंपळनेरजवळच्या माझ्या मुरमाड तुकड्यात हा फरक दिसावा म्हणून मी ११०आरच्या ओळी लावल्या होत्या, त्यामुळे तो आकडा बघून फार आनंद झाला.

०.३ म्हणजे कागदावर किरकोळ वाटतं. पण पीएचच्या मोजपट्टीत ३.६ च्या रसात आम्लाची धार ३.९ च्या दुप्पट असते. वायनरीत त्याचा परिणाम थेट दिसतो. वाइन जिवाणूंपासून राखायला सल्फर डायऑक्साइडचा जो भाग खरोखर कामाला येतो, तो ३.९ ला निम्माच उरतो. तेवढंच संरक्षण हवं असेल तर मात्रा दुप्पट करावी लागते. रंगही बदलतो. आम्ल चांगलं असलं की शिराझ लालभडक दिसतो. पीएच वर सरकला की तो मंद, निळसर व्हायला लागतो. त्यात मॅलोलॅक्टिक किण्वन झालं की तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक होतं आणि पीएच आणखी वर जातो. म्हणून रेड वाइनला सुरुवातच कमी पीएचने मिळायला हवी.

हे सगळं पोटॅशियममुळे होतं. डॉगरीज जमिनीतलं पोटॅशियम भराभर उचलतो, ते मण्याच्या सालीत साठतं. पांढऱ्या वाइनमध्ये साल लगेच वेगळी होते, रेडमध्ये ती रसाबरोबर कित्येक दिवस मुरते. सालीतलं पोटॅशियम रसात उतरतं, टार्टारिक आम्लाला धरतं आणि त्याचे खडे टाकीच्या तळाला बसतात. आपल्या भागात मॅलिक आम्ल तर उन्हानेच जळतं, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा वारा तापला की रोज थोडं थोडं. उरलेलं टार्टारिकही असं गेलं तर वाइनमध्ये राहणार काय?

डॉगरीजला मी नावं ठेवत नाही. टेक्सासच्या रानातून आलेला हा खुंट पाण्याचा ताण आणि खारं पाणी दोन्ही सोसतो, आणि महाराष्ट्रातली किती तरी खाण्याच्या द्राक्षांची बाग त्याच्या जिवावर उभी आहे. पण त्याचा जोर फार. पानांची गर्दी होते, घड सावलीत जातात. वाइनच्या द्राक्षाला तो मानवत नाही, असं माझं ठाम मत झालंय.

वाइन करायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, त्यामुळे माझा माल दिंडोरीकडच्या एका आप्पांच्या लहान वायनरीत जातो. त्यांनी दोन्ही लॉट वेगळ्या टाक्यांत ठेवले, हे त्यांचे उपकारच. रेडचं किण्वन संपून चोथा दाबून झाला, आता मॅलोलॅक्टिक चालू आहे. शेनिन ब्लांक हे पांढऱ्या वाइनचं द्राक्ष पहाटे तोडलं होतं, त्याचा रस थंड टाकीत आंबतोय, वास छान आहे. त्यावर पुढे लिहीन.

रोपवाटिकेचं काम यंदा जास्त जिकिरीचं झालं. ११०आर हा बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस या दोन रानटी द्राक्षजातींचा संकर. बर्लांडिएरी चुनखडीच्या जमिनीत तग धरतो, पण त्याच्या काडीला मुळं फुटायला कष्ट पडतात, आणि तो हट्ट ११०आरमध्येही आहे. पेन्सिलच्या जाडीची, तीन-चार डोळ्यांची पक्व काडी घेतली. खालचा काप डोळ्याच्या लगत सरळ, वरचा तिरका, म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. बुडखा आयबीए या मुळं फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाच्या द्रावणात काही सेकंद बुडवून माती, शेणखत आणि कोकोपीट भरलेल्या पिशवीत लावला. पश्चिमेच्या कडेला दुहेरी शेडनेट बांधलं, कारण काळी पिशवी उन्हाने तापली की आतलं नवं मूळ भाजतं.

नव्याने रोपं करणाऱ्यांना एक सांगणं: पानं फुटली म्हणजे काडी रुजली असं धरू नका. काडीतल्या साठवलेल्या स्टार्चवर पहिली तीन-चार पानं सहज येतात आणि मुळं नसली तर पुढे माना टाकतात. मी पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावेपर्यंत कोणत्याही रोपाला जगलं म्हणत नाही. ११०आर वाट बघायला लावतो. पाणी थोडं, पण दिवसातून दोनदा.

पाडवा झाल्यावर खरड छाटणी उरकली. युरोपातल्या वेली या दिवसांत थंडीच्या झोपेतून उठतात. आपल्या वेलीला झोपच नाही, म्हणून आपण एप्रिलमध्ये काडीसाठी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठी असं दोनदा छाटतो. ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीवर, एकेक डोळा राखला, कापांना बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली, बोदावर (वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर) पाचट पसरलं. फूट एकसारखी यावी म्हणून संध्याकाळी ओलांड्यावर पाणी शिंपडतो. छाटणीला येणारे आबा एकच गोष्ट बजावून गेले, "डोया फुगना का पानी तोडानं नही." म्हणजे डोळा फुगला की पाणी बंद करायचं नाही. उन्हाचा पारा बघता ते अगदी बरोबर आहे.

छाटणी उशिरा नको याचं कारणही सांगतो. पुढच्या हंगामाचा घड याच काडीच्या डोळ्यात, छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत आकार घेतो, आणि त्याला भरपूर ऊन लागतं. एप्रिलच्या अखेरीस छाटलं तर हा काळ जूनच्या ढगांत सापडतो आणि ऑक्टोबरमध्ये काडीला घडाऐवजी नुसती बाळी (वेलीचा तणावा) येते. आखाजीपर्यंत फुटी पाच-सहा पानांवर येतील, तेव्हा फेलफुटी, म्हणजे जास्तीच्या फुटी, काढून विरळणी करायची. पंचेचाळिसाव्या दिवशी पाचव्या पानाचा देठ तपासायला देणार आहे. डॉगरीजच्या ओळींना पोटॅश द्यायचं की नाही ते त्या अहवालावर ठरेल.

रोपं पावसाच्या तोंडावर शेतात जातील आणि ऑगस्टच्या दमट हवेत त्यांच्यावर शिराझची पाचर कलमं भरू. काही पिशव्या १४०आरयू या आणखी एका खुंटाच्याही आहेत, चुनखडीच्या जमिनीसाठी. शिरपूर-चोपड्याकडे काळ्या, चुनखडीच्या रानात कुणी हा खुंट लावला असेल, तर त्यावरच्या रसाचे पीएच आणि ब्रिक्स मला जरूर कळवा. वाणही सांगा, आणि तोडणीची तारीखही.