जुनापाणीची शिळावर्तुळं: नागपूरच्या वेशीवरचं लोहयुग

काटोल रोडने नागपूरच्या बाहेर पडलं की पाऊणेक तासाच्या आत जुनापाणी येतं, आणि तरी नागपुरात जन्म काढलेल्या कितीतरी लोकांनी हे नाव ऐकलेलंच नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं. फेब्रुवारीतली सकाळ, पळस नुकता फुलायला लागलेला, सोबत मामा. पुरातत्त्व खात्याचा निळा बोर्ड सोडला तर इथे काही आहे असं वाटायला दुसरं काहीच नाही, नुसता माळ, सुकलेलं गवत आणि काळे दगड.

मग मामा म्हणाले, "अरे, तू उभा आहेस ना, तेच वर्तुळ आहे." खाली बघितलं तर खरंच, मांडीएवढाले बेसाल्टचे धोंडे गोल लावलेले, मधे मुरुम-मातीचा जरासा उंचवटा. एक दिसलं की पुढचं दिसतं, मग त्याच्या पलीकडचं, आणि थोड्या वेळात कळतं की अख्खा माळ यांनीच भरलाय. सुमारे तीनशे वर्तुळं आहेत इथे.

ही दफनं आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातली, म्हणजे विदर्भात लोखंड वापरणारी माणसं होती त्या काळातली. मृताबरोबर मडकी आणि लोखंडाची हत्यारं-अवजारं ठेवायचे. रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकातच इथे खणलं होतं, नंतर 1961 च्या सुमारास पुरातत्त्वज्ञ बी. के. थापर यांनी पद्धतशीर उत्खनन केलं. जवळच्याच माहुरझरीला तर घोड्याच्या डोक्यावरचे तांब्याचे दागिने मिळालेत, आणि नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी. म्हणजे ही माणसं घोडा बाळगणारी आणि लोखंड स्वतः गाळणारी होती, हे शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं यार.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते दगडांवरच्या खळग्यांनी. सगळ्या दगडांवर नाहीत, काहींवरच. इवल्या उखळासारखे गोल खड्डे, ओळीने कोरलेले, काही ठिकाणी दोन ओळी शेजारी शेजारी. बोट घातलं की आतली कड गुळगुळीत लागते. बेसाल्ट किती कडक असतो ते ज्याने कधी त्यावर छिन्नी मारलीय त्यालाच माहीत, म्हणजे एवढं करायला कुणीतरी इथे उन्हात बसून किती वेळ ठोकत राहिलं असेल! मुंबईच्या टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) संशोधकांनी मोजमापं घेतली तेव्हा खळग्यांचे दगड वर्तुळाच्या ठराविक दिशांनाच येतात असं त्यांना आढळलं, आणि याचा संबंध आकाशाशी असावा असा त्यांचा कयास आहे. मला तो पटतो, इतक्या मेहनतीचं काम उगाच कुणी करत नाही.

एका वर्तुळात चाकांच्या खुणा होत्या, दुसऱ्यातले दोन धोंडे बाजूला लोटलेले. ते बघून मामा बराच वेळ बोललेच नाहीत. दगड हलला की दिशा गेली, आणि दिशा गेली की खळग्यांचा अर्थ लावायचा तरी कसा?

जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, पावसाळ्यात गवतात काहीच दिसत नाही. सकाळी लवकर पोचा, तिरप्या उन्हात खळग्यांत सावली भरते आणि ते लांबूनही ओळखू येतात, दुपारी दगड नुसता सपाट दिसतो. पाणी घरून न्या, सावली फारशी नाही. आणि धोंड्यांवर चढून फोटो काढू नका, प्लीज.