रिचमंडमधलं लग्न

आज इथे अमेरिकेत, व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडला, ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लेकीचं लग्न होतं. मुलगी गोरी, मुलगा कृष्णवर्णीय. जेवताना शेजारी मुलाची आजी होती. वय ऐंशीच्या पुढे, डोक्यावर जांभळी हॅट, ताटात तळलेलं चिकन. जोडा छान दिसतोय म्हटलं, तर म्हणाली, "माझ्या वेळी पोलीस उचलून घेऊन गेले असते."

अतिशयोक्ती नाही हो. याच व्हर्जिनियात १९५८ मध्ये गोरा रिचर्ड आणि कृष्णवर्णीय मिल्ड्रेड लव्हिंग या नवराबायकोला रात्री दोन वाजता बेडरूममध्ये शिरून पकडलं होतं. भिंतीवर वॉशिंग्टनचं मॅरेज सर्टिफिकेट टांगलेलं, पण ते इथे चालत नाही म्हणे! अशा लग्नांना बंदी घालणारा तो कायदा सुप्रीम कोर्टाने १९६७ साली मोडीत काढला.

गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या पाहणीत अशा लग्नांना १९५८ मध्ये ४ टक्के लोकांची संमती होती, २०२१ मध्ये ९४. पण अलाबामा राज्याने आपल्या घटनेतली बंदी काढली ती थेट २००० साली, आणि तेव्हाही सुमारे ४० टक्के मतं "राहू दे" म्हणणारी. मला हा आकडा जास्त खरा वाटतो. पाहणीवाल्यांशी सगळेच शहाण्यासारखं बोलतात.

आपल्या भारतीयांना तरी अमेरिकेचं दार उघडलं ते १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने, नागरी हक्क चळवळीच्या रेट्यात. आणि आपल्यातलेच काका म्हणतात, "कुणीही चालेल, फक्त काळा नको."

गाडीत नवऱ्याला विचारलं, आपल्या लेकीने असा जावई आणला तर?

"मला चालेल. तुझ्या आईला फोन मात्र तू करायचा."