तुम्ही विचारलंत म्हणून: लोडरच्या इंजिनची पॉवर वाढवायची का?

"ताई, ७४ हॉर्सपॉवरचं मशीन आहे, एक ट्यूनिंग बॉक्स (पॉवर वाढवणारी इलेक्ट्रॉनिक डबी) लावला की ९० होतं म्हणतात, इंजिनला काही न होता होईल का?"

हा प्रश्न मला वेगवेगळ्या तोंडून ऐकायला मिळतो. मी आधी पुण्यात इंजिन टेस्ट सेलमध्ये होते, आता इथे अमेरिकेत, इंडियानात आहे, काम तेच, इंजिन डायनोवर (लोड देऊन ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) चढवायचं आणि ते कुठे तुटतं ते बघायचं. त्यामुळे आमच्या भागातले लँडस्केपिंगवाले, पाच-दहा एकर घेऊन त्यावरची झुडपं साफ करत बसलेले आपले मराठी लोक, सगळे फिरून फिरून हेच विचारतात. म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉम्पॅक्ट ट्रॅक लोडर म्हणजे रबरी ट्रॅकवर चालणारा छोटा लोडर, ड्रायव्हर आत बसतो, इंजिन मागे, पुढे बकेट काढून मल्चर (झुडपं-खोडं चिरडणारा), ऑगर (खड्डे पाडणारा), ट्रेंचर (चर खणणारा) काय हवं ते लावता येतं. आपल्याकडे हे फार दिसत नाही, आपल्याकडे सगळं बॅकहोवर चालतं (ज्याला कंपनी कुठलीही असो सगळे जेसीबीच म्हणतात), पण इथे घरामागे, शेतात, रस्त्याच्या कामावर, जिथे बघाल तिथे हेच.

तर मी पहिला उलटा प्रश्न विचारते, मशीन नेमकं कधी कमी पडतं? कारण बरेच जण म्हणतात की "बकेट मातीत घुसत नाही, वर उचलत नाही, म्हणून पॉवर हवी", आणि तेव्हा इंजिनचा आवाज तर बदललेलाही नसतो. म्हणजे इंजिन दमलेलंच नाही. हायड्रॉलिकचा रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या प्रेशरनंतर तेल परत सोडणारा) उघडलाय, किंवा ट्रॅक घसरतायत. उचलायची ताकद ठरते प्रेशर आणि सिलिंडरच्या व्यासावर, ढकलायची ताकद ठरते ड्राइव्हच्या प्रेशरवर आणि मशीनच्या वजनावर. तिथे इंजिन दुप्पट मोठं बसवलंत तरी एक किलो जास्त उचलणार नाही. इंजिन कमी पडतंय असं तेव्हाच म्हणायचं जेव्हा लोडवर आरपीएम खाली बसतो.

आणि तसं होतं ते मुख्यतः मल्चरवर, किंवा खोल ट्रेंच मारताना. याचा हिशेब मी सगळ्यांना कागदावर करून दाखवते, तुम्हीही करा, सोपा आहे. कुबोटाचं एसव्हीएल ७५-२ घेऊ, इथे फार चालणारं मशीन. इंजिन ३.३ लिटर, ७४.३ हॉर्सपॉवर, म्हणजे ५५.४ किलोवॅट. हाय-फ्लोला (अटॅचमेंटला जास्त तेल द्यायच्या सोयीला) तेल मिळतं मिनिटाला साधारण ९२ लिटर, प्रेशर साधारण २२० बार. लिटर गुणिले बार भागिले ६०० केलं की किलोवॅट येतात, म्हणजे जवळजवळ ३४. पंप काही शंभर टक्के कार्यक्षम नसतो, ८५ धरा, मग मल्चर खोडात रुतला की इंजिनकडून नुसता तोच ४० किलोवॅट ओढतो. उरले १५-१६. त्यातून फॅन, चार्ज पंप, एसी, ऑल्टरनेटर, आणि मग जे काय राहील त्यावर ट्रॅक चालवायचे. तुम्ही त्याच वेळी लीव्हर पूर्ण पुढे दाबून धरलात तर आरपीएम बसणारच, त्यात इंजिनचा काही दोष नाही.

आता गंमत बघा, समजा तुम्ही इंजिन १५ टक्क्यांनी वाढवलं. पंप तोच, आरपीएम तोच, रिलीफचं सेटिंग तेच, म्हणजे मल्चरला मिळणारे ३४ किलोवॅट तसेच राहतात, एक किलोवॅटही वाढत नाही. फायदा एवढाच की आरपीएम थोडा उशिरा बसेल. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

म्हणून बॉक्सच्या आधी बघा की कंपनीने दिलेले ७४ तरी तुम्हाला मिळतायत का. जुन्या मशीनमध्ये अनेकदा मिळत नसतात. एअर फिल्टर चोंदलेला, डिझेल फिल्टर बदललेलाच नाही, वॉटर सेपरेटरमध्ये पाणी, टर्बोपासून इनटेकपर्यंतच्या होजची क्लिप सैल झालेली आणि बूस्ट (टर्बोने दाबलेली हवा) बाहेर चाललाय, व्हॉल्व्ह क्लिअरन्स कधी बघितलेलाच नाही, डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी धरणाऱ्या फिल्टरमध्ये, राख साठलेली (काजळी रीजनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ करताना, जळते, राख जळत नाही, ती काढूनच साफ करावी लागते, साधारण ३००० तासांच्या आसपास ते काम येतं). यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की मशीन मलूल होतं आणि मालकाला वाटतं की इंजिनच लहान आहे. होजची गळती तर साबणाचं पाणी लावून सापडते, त्याला लॅपटॉपही लागत नाही. ही अशी परत मिळवलेली पॉवर पूर्णपणे सुरक्षित, कायदेशीर, आणि तीही जवळजवळ फुकट, म्हणून मी त्यावर इतका जोर देते.

बरं, ७४ च का? इथे बाजारात इतकी मशीनं ७४ वरच येऊन थांबलेली दिसतात, ते का? तर इंजिनच्या धुराबद्दलचा अमेरिकेचा टियर ४ फायनल नियम. ५६ किलोवॅटच्या, म्हणजे ७५ हॉर्सपॉवरच्या खाली नॉक्स (नायट्रोजनचे ऑक्साइड) आणि हायड्रोकार्बन मिळून ४.७ ग्रॅम प्रति किलोवॅट-तास चालतात, ती रेघ ओलांडली की एकट्या नॉक्सची मर्यादा एकदम ०.४० वर येते. मग एससीआर (धुरातलं नॉक्स कमी करणारी यंत्रणा) हवं, डीईएफची (त्यात फवारायच्या युरियाच्या द्रावणाची) वेगळी टाकी हवी, खर्च वाढतो, जागा लागते. म्हणून कंपन्या रेघेच्या अलीकडे थांबल्या. लोकांना हे कळलं की ते म्हणतात, बघा, म्हणजे इंजिनमध्ये ताकद दडवून ठेवलीय! अर्धं खरं आहे. ३.३ लिटरच्या टर्बो इंजिनातून ७४ पेक्षा जास्त निघू शकतात, नाही असं नाही. पण ७४ ठरले की बाकी सगळं त्या ७४ साठीच निवडलं जातं, टर्बो, इंजेक्टर, रेडिएटर, ऑइल कूलर, फ्लायव्हीलवरचं कपलिंग, सगळं. त्याच कंपनीचं ९६ हॉर्सपॉवरचं एसव्हीएल ९५ बघितलं तर इंजिन ३.८ लिटरचं, एससीआर आहे, हाय-फ्लो दीडशे लिटरच्या घरात, वजन पाच टनांच्या वर, जिथे ७५-२ सव्वाचार टनांच्या आसपास आहे. म्हणजे २२ हॉर्सपॉवर वाढवायला कंपनीला अख्खं मशीन बदलावं लागलं.

आता तो बॉक्स करतो काय. स्वस्तातले बहुतेक बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर मोजणाऱ्या) वायरमध्ये बसतात आणि ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) खोटं सांगतात की प्रेशर कमी आहे. ईसीयू बिचारा प्रेशर वाढवतो, इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा राहतो पण डिझेल जास्त जातं, झाली पॉवर. पण ईसीयूचे पुढचे सगळे हिशेब त्या डिझेलच्या आकड्यावर चालतात, धुराची मर्यादा, टॉर्कची मर्यादा, डीपीएफमध्ये किती काजळी साठली त्याचा अंदाज, सगळंच चुकायला लागतं. त्याला वाटतं फिल्टर अर्धा भरलाय आणि खरं तर तो गच्च असतो, मग रीजन सुरू झालं की ती सगळी काजळी एकदम पेटते आणि आतलं सिरॅमिक तडकतं. नवीन डीपीएफची किंमत डीलरला एकदा विचारून बघा. शिवाय ज्या इंजिनांत रीजनसाठी सिलिंडरमध्येच उशिरा डिझेल सोडतात तिथे रीजन वारंवार व्हायला लागलं की डिझेल उतरतं क्रँककेसमध्ये, ऑइल पातळ, मग बेअरिंग.

आणि उष्णता. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. डिझेलमधल्या ऊर्जेतला ढोबळ ३५ ते ४० टक्के भाग क्रँकशाफ्टला मिळतो, बाकीचा एक्झॉस्टमधून आणि रेडिएटरमधून बाहेर जातो. डिझेल १५ टक्के वाढवलं की तीही उष्णता तेवढीच वाढते, आणि हवा तेवढीच राहिली तर मिश्रण घट्ट होतं, एक किलो डिझेलमागे हवा १८-२० किलोच्या खाली गेली की काळा धूर आणि एक्झॉस्टचं तापमान चढायला लागतं. टर्बोच्या आधी ७०० अंशांच्या पुढे मी माझं मशीन सतत चालवणार नाही. ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं, पिस्टनचा मिश्रधातू त्याच्याही आधी, पिस्टन टिकतो तो खालून मारा होणाऱ्या ऑइलच्या जोरावर. डायनोवर मी असे पिस्टन बघितलेत, पिस्टनच्या वरच्या भागाची कड मेणबत्तीसारखी ओघळलेली.

इथे कुणीतरी म्हणतंच, माझ्या पिकअपला ट्यून आहे, वर्षानुवर्षं काही झालं नाही. अहो पिकअप पूर्ण पॉवर किती वेळ वापरतो? चढ आला, ओव्हरटेक केलं, काही सेकंद, मग परत निवांत, आणि समोरून हायवेचा वारा. लोडर मल्चरवर तासन्‌तास जवळजवळ पूर्ण लोडवर, जागच्या जागी, ऑगस्टच्या उकाड्यात, मागच्या रेडिएटरवर भुसा चिकटलेला, आणि त्याच हवेवर हायड्रॉलिक तेलही थंड व्हायचं असतं. तेल तापलं की पातळ होतं, पंप आतल्या आत गळतो, आणि दुपारनंतर तुमची वाढवलेली पॉवर नुसती तेल तापवण्यात जाते. वर सुका पाला टर्बोजवळ आणि डीपीएफजवळ साठलेला. मल्चिंग करताना मशीन पेटतात, ही घाबरवायची गोष्ट नाही, खरंच पेटतात.

जुनं, मेकॅनिकल डिझेल पंपाचं मशीन असेल तर? आमच्या कराडकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांचा पंप वाढवून घेतात, सील तोडून स्क्रू फिरवला की झालं, तसं. होतं ते, पण धूर आणि उष्णतेचं गणित तेच, फक्त तिथे सांगायला ईसीयूही नसतो. करायचंच तर पंप आणि नोझल काढून चांगल्या पंपवाल्याकडे टेस्ट बेंचवर कंपनीच्या आकड्यावर आणून घ्या, बऱ्याचदा चार सिलिंडरना चार वेगवेगळी मापं जात असतात, ती सारखी झाली तरी मशीन बदलल्यासारखं वाटतं.

कायद्याचं पण सांगते, कारण ते लोक हळूच विचारतात. अमेरिकेत क्लीन एअर ॲक्टखाली सर्टिफाइड इंजिनची उत्सर्जनाची रचना बदलणं बेकायदेशीर आहे, शेतात वापरलं तरी, स्वतःच्या जागेवर वापरलं तरी, आणि विकणारा व बसवून देणारा दोघेही त्यात येतात. डीपीएफ काढून पाइप लावणं तर उघडच. भारतातही बांधकामाच्या मशीनांना सीईव्ही स्टेज ५ हा धुराचा नियम जानेवारी २०२५ पासून लागू झालाय, म्हणजे तिकडेही डीपीएफवाली मशीनं वाढत जाणार आणि हेच प्रश्न येणार. मला मात्र कायद्यापेक्षा ते मशीन चालवणाऱ्या माणसाची छाती जास्त महत्त्वाची वाटते, तो धूर दिवसभर त्याच्याच केबिनभोवती फिरतो.

मग मी काय करायला सांगते? मल्चरच्या दातांना धार लावा किंवा ते बदला, बोथट दात किती पॉवर खातात याची कल्पना चालवणाऱ्याला येत नाही कारण ते हळूहळू बोथट होतात. मल्चर तुमच्या फ्लोला जुळतो का ते बघा, १५० लिटरसाठी बनवलेलं हेड ९२ लिटरवर लावलं तर ते कधीच नीट फिरणार नाही, दोष इंजिनला जातो. आणि चालवायची सवय. आरपीएम थोडा बसला की लीव्हर सोडायचा, रोटरला परत वेग घेऊ द्यायचा, मग पुढे. रोटरची ताकद त्याच्या वेगात आहे, वेग गेला की नुसतं घासत बसतं. हे जमलेला माणूस ७४ हॉर्सपॉवरवर जेवढी झुडपं पाडतो तेवढी दुसऱ्याला ९० वर पण जमत नाहीत, हे मी शेजारच्या हनीसकलच्या झुडपांच्या जंगलात उभं राहून बघितलंय. थ्रॉटल मात्र पूर्ण ठेवा, अर्ध्या थ्रॉटलवर पंपाला फ्लोच नसतो. दुपारी एकदा थांबून रेडिएटर आतून बाहेर हवा मारून साफ करा.

आणि एवढं करूनही रोजच्या रोज कमी पडत असेल तर मोठं मशीन भाड्याने आणा, आठवडाभर वापरा, मग ठरवा. किंवा डीलरला विचारा की तुमच्या मॉडेलला कंपनीचं अधिकृत अपडेट आहे का, कधी कधी असतं.

पुढच्या वेळी मला फोन कराल तेव्हा हे बघून ठेवा: मशीनचे तास, डीपीएफ कधी साफ केला, कुठलं अटॅचमेंट आणि त्याला किती फ्लो लागतो, लोडवर आरपीएम कितीवर येतो, आणि तेव्हा पाण्याचं व हायड्रॉलिक तेलाचं तापमान काय असतं. एवढं असलं की फोनवर पाच मिनिटांत सांगू शकते की अडलंय कुठे.