हो, कबरस्तानातच जाते

ऑक्टोबरात माझे फोटो आले की कोणीतरी विचारतंच, "अगं, फॉल कलर्स बघायला न्यू हॅम्पशायरला जायचं सोडून कबरस्तानात काय जातेस दरवर्षी?" मग मी बॉस्टनजवळच्या या माउंट ऑबर्न कबरस्तानाचं पाठ झालेलं सांगते. १८३१ सालचं, अमेरिकेतलं बागेसारखं पहिलं कबरस्तान, काढलं तेच मुळी हॉर्टिकल्चर सोसायटीवाल्यांनी, सेंट्रल पार्क व्हायच्या कितीतरी आधीपासून लोक इथे नुसते फिरायला यायचे, हार्वर्ड स्क्वेअरहून बस आहे. सगळं खरंय, पण मी त्यासाठी जात नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

बाबा आले होते तेव्हा त्यांना नेलं. आई आलीच नाही, दिवाळी तोंडावर आणि कसली स्मशानं बघता म्हणाली. बाबा खूश. टॉवरवर चढले, चार्ल्स नदी बघितली, मग प्रत्येक दगडावरच्या सालांची तोंडी वजाबाकी करत निघाले, बँकेतली सवय. एका बुटक्या दगडापाशी थांबले. वर संगमरवरी कोकरू, नाक-कान झिजून साबणाच्या वडीसारखं झालेलं. काठीने मेपलची पानं बाजूला केली, म्हणाले, "अकरा महिने." आणि मग खालीच बघत, "तुझ्याआधी एक होता आम्हाला. एवढाच. लहान म्हणून पुरला, ओढ्याकाठी. पुढच्या पावसाळ्यात पूर आला, जागा काही सापडली नाही."

आणि मी म्हणाले, "बाबा चला, बस चुकेल."

पुढची बस होतीच की! पण चाळिशीत अचानक असं कळल्यावर कोणाला काय सुचणारे? असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच पटत नाही. घरी आल्यावर ते तडक आंघोळीला गेले, तर मी वर हसले, अहो बाबा, पार्क आहे ते. विषय परत निघाला नाही. निदान नाव काय ठेवलं होतं एवढं तरी विचारायचं.

आता बाबा नाहीत. आईला विचारावं, तर मला माहितीये हेच तिला माहीत नाही, आणि तिने इतकी वर्षं झाकून ठेवलेलं मी व्हिडिओ कॉलवर उघडायचं? नको. पण मग कधी? ते कोकरू तर दुसऱ्याच कोणाच्या तरी मुलाचं. तरी जाते, पानं बाजूला करते, फोटो काढते. फॅमिली ग्रुपवर टाकते ते झाडांचेच.

आई दरवर्षी विचारते, "पडली का गं सगळी पानं?"

"आहेत अजून थोडी," म्हणते.