रक्तदानानंतर सहावा आठवडा : हिमोग्लोबिन भरलं, टेम्पो रन अजून अडकलेलाच

सीबीसीचा (रक्तपेशी मोजण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट हातात आहे. रक्तदानाआधी हिमोग्लोबिन 14.2 होतं, आता 13.9. सकाळचा रेस्टिंग हार्ट रेट जागेवर आलाय. पांदण रस्त्यावरचा 10 किलोमीटरचा इझी रन गप्पा मारत निघतो, आणि 80 मीटरच्या स्ट्राइड्समध्ये (छोट्या वेगवान धावांत) पाय पुन्हा छान उचलले जातायत. पण नहराच्या पाळीवर टेम्पो (दम लागेल पण टिकवता येईल अशा वेगाचा सलग रन) लावला की तिसऱ्या किलोमीटरपासून मांड्या भरून येतात. जुन्याच पेसला हार्ट रेट आठ-दहा ठोक्यांनी वर राहतो. या सोमवारपासून 400 मीटरचे इंटरव्हल (जोरात पळणं, मध्ये विश्रांती, पुन्हा पळणं) सुरू व्हायचे होते, ते पुढे ढकलले.

गाडी अडलीय ती फेरिटिनवर. तो रिपोर्ट 12 आला. हिमोग्लोबिन म्हणजे वापरात असलेलं लोह, फेरिटिन म्हणजे कोठारातलं. शरीराने कोठार खरवडून रक्त भरून काढलं आणि कोठार रिकामं झालं. स्नायूंमधलं मायोग्लोबिन (ऑक्सिजन धरून ठेवणारं प्रथिन) आणि ऊर्जा तयार करणारी एन्झाइम्सही लोहावरच चालतात. म्हणून रक्त जवळजवळ भरलं तरी लांबचा जोर येत नाही.

हिशेब एकदा मांडूनच बघा. 450 मिलिलिटर रक्त, 14 च्या हिमोग्लोबिनने, म्हणजे 63 ग्रॅम हिमोग्लोबिन. एका ग्रॅममध्ये 3.4 मिलिग्रॅम लोह धरलं तर साधारण 214 मिलिग्रॅम लोह एका पिशवीत गेलं. रोजच्या जेवणातून अंगी लागतं ते एक-दोन मिलिग्रॅम, आणि त्यातलं जवळपास एक रोजच्या झिजेतच जातं. शिवाय पळणाऱ्याची झीज जास्त: घामातून थोडं, आतड्यातून थोडं, तळपाय आपटून फुटणाऱ्या पेशींतून थोडं. नुसत्या जेवणावर राहिलं तर कोठार भरायला सहा-सात महिने सहज लागतात. दोन रक्तदानांत पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर ठेवतात ते रक्तदात्याच्या सुरक्षिततेसाठी. तेवढ्यात टेम्पोही परत येईल असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही.

म्हणून डॉक्टरांना विचारून गोळी सुरू आहे. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, तेवढं पुरतं. मेडिकलमधली 100 ची महागडी गोळी घेतली म्हणून कोठार दुप्पट वेगाने भरत नाही, पोट मात्र हमखास बांधून येतं. गोळी एक दिवसाआड. कारण गोळी पोटात गेली की हेप्सिडिन (लोहावर ताबा ठेवणारं हार्मोन) वाढतं आणि ते साधारण दिवसभर पुढच्या लोहाची वाट अडवतं.

हे लिहितानाच वेळेचा घोळ लक्षात येतोय. जोराचा व्यायाम झाला की तीन ते सहा तासांनी हेच हेप्सिडिन चढतं. आपल्यापैकी बरेच जण संध्याकाळी मैदानावर सराव करून रात्री जेवणानंतर गोळी घेतात, म्हणजे दार नेमकं बंद असताना. तर बदल असा: गोळी सकाळी, रन संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत, उपाशीपोटी, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत. चहा त्यानंतर किमान तासभर नाही. दूध, कॅल्शियमची गोळी, अॅसिडिटीची गोळी, कशासोबतच नाही. शौच काळी होते, त्याला घाबरू नका.

पूर्व विदर्भातल्या मंडळींसाठी एक गोष्ट ठासून सांगायची आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडे सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार, त्यातही हिमोग्लोबिन कमी होतं) भरपूर आहे. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहच कमी असेल असं नाही. सोल्युबिलिटी टेस्ट (सिकलसेलची प्राथमिक तपासणी) आणि फेरिटिन झाल्याशिवाय महिनोन्महिने गोळ्या खाऊ नका.

जेवणात अंबाडीची भाजी लोखंडी कढईत करा. आंबट भाजी कढईचं लोह ओढून घेते. मात्र शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि कडवट लागते. आठवड्यातून एकदा बकऱ्याची कलेजी मिळाली तर उत्तमच, मांसातलं लोह सहज लागतं. जेवणासोबत आवळा, पेरू किंवा संत्रं. बीट आणि डाळिंबाच्या रसाचं कौतुक आवरा, त्यात लोह फार नसतं.

ऑक्सिमीटर या कामाचा नाहीच. रक्त निम्म्यावर आलं तरी तो 98 दाखवेल, कारण असलेल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती टक्के भरलाय एवढंच त्याला कळतं. मनगटी घड्याळ इझी रनला ठीक, पण टेम्पोत ते कधीकधी ठोके सोडून पावलं मोजतं. छातीचा पट्टा घ्या, पट्टी ओली करून बांधा. फेरिटिनचं सॅम्पल देण्याआधी दोन दिवस जोराचं पळू नका, ताप-सर्दी असेल तर थांबा. दोन्हींत आकडा खोटा फुगतो. तालुक्याच्या लॅबमधून सॅम्पल बाहेर जातं, तेव्हा रिपोर्टला वेळ लागतो हे धरून चाला.

नवीन रक्तदात्यांसाठी थोडक्यात: त्या दिवशी पाणी भरपूर, सुई टोचलेल्या हाताने 24 तास गोळाफेक नाही. रक्तातला पातळ भाग (प्लाझ्मा) एक-दोन दिवसांत भरतो, पण लाल पेशी तेवढ्या लवकर भरत नाहीत, म्हणून त्यानेच रक्त पातळ होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दम लागतो. पहिला आठवडा बोलता येईल एवढाच वेग. उन्हाळ्यात दान केलं असेल तर सूर्य वर यायच्या आत घरी या.

सोमवारचा बदललेला बेत: 400 ऐवजी 6 वेळा 3 मिनिटं टेम्पो पेसला, मध्ये 90 सेकंद चालणं, छातीच्या पट्ट्यावर नजर. तिसऱ्या फेरीनंतर ठोके वर सरकत राहिले तर तिथेच थांबायचं. फेरिटिन आठ आठवड्यांनी पुन्हा, 30 च्या वर गेलं की इंटरव्हल. पोलीस भरतीचं ग्राउंड (मैदानी चाचणी) दोन महिन्यांच्या आत असलेल्यांनी रक्तदान शिबिरात यंदा रक्त न देता नोंदणीच्या टेबलावर बसावं आणि 1600 मीटर मारून झाल्यावर त्याच आठवड्यात रक्तपेढी गाठावी. उन्हाळ्यात तिथे पिशव्या कमीच असतात.