तोळाभर गोळी: प्राँगहॉर्न, म्यूल डियर आणि एल्कच्या मोसमातला अनुभव

लेकीनं टिपलेल्या प्राँगहॉर्न मादीच्या खांद्याचं मांस जसंच्या तसं निघालं. मी टिपलेल्या नराचे दोन्ही खांदे मात्र रक्तानं काळेनिळे झालेले, हाडांच्या चुऱ्यानं भरलेले. ते टाकून द्यावे लागले. दोन्ही जनावरं एकाच सकाळी, अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या शर्ली बेसिनमध्ये, एकमेकांपासून मैलभर अंतरावर पडली होती. माझी रायफल तिच्या रायफलपेक्षा कितीतरी ताकदीची, गोळीही महागाची. चार-पाच जेवणांचं मांस माझ्या निवडीमुळे वाया गेलं, याचं मला फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी तुमच्यापैकी कोणी जाणार असेल तर काडतुसं घेण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितो आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करतो. मराठीत आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो, पण दुकानात मिळतं ते काडतूस: पितळी नळकांडं, तळाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. पेटीवर ठळक छापलेलं असतं ते काडतुसाचं नाव. जनावराच्या आत काय घडणार हे ठरवणारी गोळी बारीक अक्षरांत असते. गोळीचं वजन ग्रेनमध्ये देतात. आपल्याला समजेल असं सांगायचं तर १८० ग्रेन म्हणजे बरोबर एक तोळा. माझ्या थर्टी-ऑट-सिक्समध्ये पाऊण तोळ्यापासून सव्वा तोळ्यापर्यंतची गोळी सहज चालते. हे काडतूस १९०६ सालचं, अमेरिकन सैन्याचं. नावातला ‘ऑट-सिक्स’ तिथूनच आला.

लेकीकडे .२४३ विंचेस्टर काडतुसाची रायफल होती. ती सोळा वर्षांची आहे, अंगानं बारीक. जोरात धक्का देणारी रायफल दिली की नवा नेमबाज चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो, आणि ती सवय जाता जात नाही. .२४३चा धक्का सौम्य असतो. तिच्यासाठी १०० ग्रेनची साधी मऊ टोकाची गोळी घेतली होती. ‘बाबा, वारा थांबेपर्यंत थांबू का?’ असं तिनं कुजबुजत विचारलं आणि ती खरंच दहा मिनिटं पोटावर पडून राहिली. १६० यार्डांवरून, पुढच्या पायाच्या जरा मागे, फुप्फुसांत. मादी तीस-चाळीस पावलं धावली आणि बसली.

मी आणली होती १५० ग्रेनची, प्लास्टिकच्या टोकाची, पातळ आवरणाची गोळी. लांबच्या अंतरावर वेग कमी झाला तरी आदळल्यावर फुलावी, म्हणजे पसरून रुंद व्हावी, अशी तिची बांधणी असते. नर मात्र टेकाडाआडून शंभर-सव्वाशे यार्डांवर अचानक समोर आला, तेव्हा गोळीचा वेग अजून भरपूर होता. ती खांद्याच्या हाडावर आदळली आणि तिचे तुकडे झाले. जनावर जागीच पडलं, त्याला त्रास झाला नाही, एवढंच समाधान. प्राँगहॉर्नचा नर जेमतेम ५०-५५ किलोचा. हीच गोळी एल्कच्या, म्हणजे तीनशे किलोच्या थोरल्या हरणाच्या, खांद्यावर अशीच वरच्या वर फुटली असती, तर फुप्फुसांपर्यंत पोहोचली नसती, आणि जखमी जनावर रात्रभर जंगलात तडफडलं असतं. घरी परतताना हाच विचार डोक्यात घोळत होता. एल्कच्या मोसमाला तीन आठवडे उरले होते.

शर्ली बेसिनबद्दल थोडं. सेजब्रशची करडी झुडपं, झाड म्हणून नाही, आणि वारा. लहानपणी कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळवीट पाहायला गेलो होतो, त्या माळरानाची आठवण पावलोपावली येत होती. प्राँगहॉर्नला इथले लोक अँटेलोप म्हणतात, पण ते काळविटाच्या कुळातलं नाही. त्याचं कूळच वेगळं, आणि शिंगावरचं आवरण ते दरवर्षी टाकतं. ताशी ८०-९० किलोमीटर धावतं, पण कुंपण उडी मारून ओलांडण्यापेक्षा तारेखालून सरपटत जाणं पसंत करतं. म्हणून कुंपणाच्या कडेला, जिथे खालची तार वर उचलली गेली आहे तिथे, वाट बघा. वाऱ्याचा हिशेब मात्र आधी घरी करून जा. १६५ ग्रेनची गोळी ताशी दहा मैलांच्या आडव्या वाऱ्यात ३०० यार्डांवर सात इंचांच्या आसपास सरकते, आणि तिथे वीस मैलांचा वारा रोजचाच. आम्ही २०० यार्डांची मर्यादा ठरवली होती, ती पाळली. या जनावराचं मांस लवकर खराब होतं. दुपारी ऊन असतं. गाडीत बर्फाच्या पेट्या भरलेल्याच ठेवा आणि अर्ध्या तासात कातडी उतरवायला घ्या.

डेन्व्हरला परतल्यावर मी तीन वेगवेगळ्या पेट्या आणल्या आणि एक अख्खा रविवार पॉनी ग्रासलँड या गवताळ माळावर सरावात घालवला. एकाच रायफलमधून १५०, १६५ आणि १८० ग्रेनच्या गोळ्या शंभर यार्डांवर तीन वेगळ्या ठिकाणी लागल्या. एका गोळीवर स्कोप (रायफलवरची नेमाची दुर्बीण) जुळवून दुसरी गोळी घेऊन जंगलात जाणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका. मोसमभर एकच गोळी ठेवा.

मी निवडली १६५ ग्रेनची नॉस्लर पार्टिशन. जॉन नॉस्लर यांच्या गोळ्या १९४६ साली कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका मूसवर, म्हणजे एका भल्यामोठ्या हरणावर, निकामी ठरल्या. त्या अनुभवातून त्यांनी ही गोळी घडवली. आत मधोमध धातूची आडवी भिंत आहे. पुढचा भाग अळंबीसारखा फुलतो, मागचा भाग भिंतीमुळे शाबूत राहतो आणि हाड फोडून आत शिरत जातो. आवरण आणि शिसं एकजीव केलेल्या, म्हणजे बाँडेड गोळ्याही हेच काम करतात. किंमत साध्या पेटीच्या जवळपास दुप्पट, पण मोसमात जनावरावर आपण दोन किंवा तीनच गोळ्या झाडतो. सराव त्याच वजनाच्या स्वस्त गोळ्यांनी करा, शेवटची जुळवणी मात्र खऱ्या गोळीनंच. माझा नेम २०० यार्डांवर बरोबर बसवला: शंभरावर पावणेदोन इंच वर, तीनशेवर साधारण आठ इंच खाली. हे आकडे मी कागदी चिकटपट्टीवर लिहून दस्त्याला चिकटवले.

.२७० विंचेस्टर, .३०८, सात एमएम रेमिंग्टन मॅग्नम, ६.५ क्रीडमूर यांवर लोक तासन्तास वाद घालतात. मला त्यात रस उरलेला नाही. योग्य बांधणीची गोळी असेल आणि अंतर आवाक्यातलं असेल, तर यातलं कोणतंही काडतूस तिन्ही जनावरांना पुरतं. कोलोराडोचा नियम एल्कसाठी किमान ८५ ग्रेनची, फुलणारी गोळी मागतो. कायद्यानं .२४३ चालते, तरी मी लेकीला ती एल्कवर वापरू देणार नाही. नेम जरा चुकला तर सावरायला जागाच उरत नाही.

कोलोराडोतला दुसरा रायफल मोसम, राउट नॅशनल फॉरेस्ट, वॉल्डनच्या बाजूनं. माझ्याकडे एल्क मादीचा आणि म्यूल डियर या हरणाच्या नराचा परवाना होता. पहिल्या संध्याकाळी म्यूल डियरचा सुंदर नर दीडशे यार्डांवर आडवा उभा राहिला, पण त्याच्या मागे झुडपात दुसरं हरीण होतं. पार्टिशन आरपार जाते. मी चापावरून बोट काढलं. तो गेला तो गेला.

तिसऱ्या दिवशी पहाटे, घोटाभर बर्फात, अ‍ॅस्पेनच्या झाडांच्या कडेला आठ-दहा एल्क माद्या चरत होत्या. १८० यार्ड. श्वास स्थिर व्हायला वेळ लागला. समुद्रसपाटीपासून नऊ हजार फुटांवर तो लागतोच. छातीच्या तळापासून एक तृतीयांश वर, खांद्याच्या लगत. मादी साठ पावलं चालली आणि कोसळली. गोळी फासळीतून शिरून पलीकडच्या खांद्यातून बाहेर पडली होती, आणि वाया गेलेलं मांस तळहाताएवढं. मी तिच्याजवळ बराच वेळ बसून राहिलो, मानेवर हात ठेवून. मग चार खेपा, मांस पाठीवर घेऊन.

पुढच्या वर्षी तांब्याची गोळी वापरायचा विचार आहे. शिशाच्या गोळीनं मारलेल्या मांसाचा एक्स-रे काढला तर जखमेपासून बऱ्याच अंतरावरही बारीक कण दिसतात, आणि जंगलात सोडलेली आतडी खाणाऱ्या गरुडांना शिशाची बाधा होते. कॅलिफोर्नियात जुलै २०१९पासून शिकारीला शिसं बंदच आहे. तांबं शिशापेक्षा हलकं आणि त्याला फुलायला वेग लागतो, म्हणून वजन एक पायरी कमी घ्या: थर्टी-ऑट-सिक्समध्ये १५०.

आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी, फार महत्त्वाच्या. एच-वनबीसारख्या व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच नव्हे, एक काडतूसही जवळ ठेवता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. वकिलाशी बोलूनच पुढे जा. दुसरं, शिकारीला नेलेली बॅग भारतात जाताना कधीही वापरू नका. कप्प्यात विसरलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर सापडलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. आमच्या घरी या बॅगांना लाल फीत बांधलेली आहे.

हरीण किंवा एल्क असेल तर क्रॉनिक वेस्टिंग डिसीजची, म्हणजे हरणांच्या मेंदूला होणाऱ्या जीवघेण्या रोगाची, तपासणी करून घ्या. हा रोग १९६७ साली कोलोराडोतल्या फोर्ट कॉलिन्सलाच प्रथम लक्षात आला. निकाल येईपर्यंत आम्ही मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवलं. परवान्याचे अर्ज कोलोराडोत एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत, वायोमिंगच्या प्राँगहॉर्नसाठी राज्याबाहेरच्यांना साधारण जूनच्या सुरुवातीपर्यंत. आणि काडतुसं उन्हाळ्यातच घ्या, एकाच लॉट क्रमांकाच्या दोन पेट्या. ऑक्टोबरात दुकानांतल्या फळ्या रिकाम्या असतात, आणि मिळेल ती गोळी उचलावी लागते.