हम्पीच्या बाजूने

सोमवार, २८ जुलै २०२५

दिव्या जिंकली. महिला बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आमच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला हरवलं. अख्खं नागपूर आनंदात आहे, मीही आहे. पण संध्याकाळपासून घशाशी काहीतरी अडकलंय, आणि ते हम्पीचं आहे.

शनिवार-रविवारचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, तेव्हाच पोटात गोळा आला होता. आता जलद डाव. पंधरा मिनिटं, वर दर खेळीला दहा सेकंद. यात हम्पीचा हात कोण धरणार? २०१९ ला मॉस्कोत, मग गेल्या डिसेंबरात न्यूयॉर्कला, दोन्हीदा जलद बुद्धिबळातच जगज्जेती झालेली बाई! पहिल्या जलद डावातही बरोबरी झाली. दुसऱ्यात पांढरी मोहरी तिच्याकडे. एकदा घसरल्यावरही तिने डाव किती लांबवला, सहजी सोडला नाही. पण घड्याळ संपत आलं तशी पुन्हा चुकली. दिव्या आईला बिलगून रडली, मोबाईलसमोर मीही.

हम्पी ग्रँडमास्टर झाली २००२ मध्ये, पंधराव्या वर्षी. दिव्याचा जन्म २००५ चा. या विश्वचषकासाठी जॉर्जियातल्या बटुमीला गेली तेव्हा पोरीकडे ग्रँडमास्टरचा एक नॉर्मसुद्धा (किताबासाठी लागणारी ठराविक दर्जाची कामगिरी) नव्हता. पण विश्वचषक जिंकणारीला हा किताब थेट मिळतो, म्हणून आज या एका डावाने ती देशाची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. केवढी मोठी गोष्ट! मग माझं लक्ष समोरच्या खुर्चीवरून हलत का नव्हतं?

अडतीस. माझंही वय तेच. बाळंतपणासाठी हम्पी दोनेक वर्षं पटापासून लांब होती. परतली आणि जगज्जेती झाली. मीही रजा संपवून परतले होते, तर ऑफिसात माझ्या टेबलावर... जाऊ दे.

श्रावणातला पहिला सोमवार. उपवास सोडताना आई म्हणाली, "अगं, दोघी आपल्याच की." सगळे हेच म्हणताहेत. खरंही आहे. पण आपल्याच म्हटल्याने हरणारीला कमी लागतं का? एकोणीस वर्षांच्या पोरीपुढे बसून डाव सोडायचा, तेही साऱ्या जगासमोर.

आणि तरी, तिची कीव करणारी मी कोण? विश्वचषकाच्या अंतिम फेरीत पोचलेली बाई आहे ती. कँडिडेट्सची, म्हणजे जगज्जेतीला आव्हान कोण देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेची, जागा तिनेही मिळवली, दिव्यासारखीच. तिथे डाव सावकाश चालतात, विचाराला वेळ असतो. तेव्हा मी हम्पीच्या बाजूने असेन, समोर दिव्या असली तरी. नागपूरकरांनी मला काय म्हणायचं ते म्हणावं.